कुस्ती कोणीच बघत नाही

इंजिनिअरिंगची मुलं दासोमच्या तासाला यायची ती हजेरीपुरती. मुगान विद्यापीठाचा नियमच होता, पदवी हवी तर एका सत्रात कलेचा एखादा विषय घ्यायचा. यंत्र शाखेतल्या मुलांना त्यातल्या त्यात सोपा वाटायचा तो ‘संग्रहालयात चित्र बघणे’. लेखी परीक्षा नाही, घोकंपट्टी नाही, थंडीच्या दिवसांत उबदार दालनात बसायला मिळतं, आणि कोपऱ्यातली जागा पटकावली तर डुलकीही काढता येते. त्यामुळे शेवटच्या रांगेत बसणारी सगळी मंडळी तिथे एकगठ्ठा नाव घालायची.

प्यो दासोम त्या विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाचा शिक्षण विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे ती एकटीच. बालवाडीतली पिल्लं असोत, कॉलेजची मुलं असोत की निवृत्त शिक्षकांचं मंडळ असो, सापडेल त्याला ती चित्रासमोर आणून बसवायची. तिची आई शेजारणींना सांगायची की आमची मुलगी संग्रहालयात तिकिटं फाडते. त्या संग्रहालयाला तिकीटच नव्हतं, पण आईला हे समजावण्याचा नाद दासोमने केव्हाच सोडला होता.

तिची शिकवण्याची तऱ्हा साधी होती. जमिनीवर गाद्या टाकायच्या, एकाच चित्रासमोर सगळ्यांनी बसायचं, भिंतीवरची माहितीची पाटी वाचायची नाही. जे दिसेल ते बोलायचं, आणि बोललं की चित्रात ते कुठे आहे हे दाखवायचं. सुरुवातीला मुलं अवघडायची, मग हळूहळू बोलायला लागायची, आणि एकदा बोलायला लागली की आवरायची नाहीत. संग्रहप्रमुख योम सरांना हे मुळीच आवडत नसे. योम ह्यन-दो म्हणजे जुन्या चित्रांतला दबदबा असलेला माणूस, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी मागच्याच बैठकीत संचालकांसमोर म्हटलं होतं की प्यो मॅडमच्या तासाला दालनाची मंडई होते. दासोमने मान खाली घातली होती आणि पुढच्या तासाला पुन्हा मंडई भरवली होती.

त्या मंगळवारी तिने मुलांना नेलं ते बिजागऱ्यांनी जोडलेल्या आठ उभ्या पटांच्या घडीच्या पडद्यासमोर. माणसाच्या उंचीचा, जाड कागदावर रंगवलेला, दोनेकशे वर्षांपूर्वीच्या एका गावाचं चित्र असलेला हा पडदा शुक्रवारी उतरून कोठीत जायचा होता. कागदावरची चित्रं फार काळ उजेडात ठेवत नाहीत, आणि एकदा कोठीत गेलेली वस्तू चार-पाच वर्षं तरी बाहेर येत नाही. दासोमला हा पडदा आवडायचा. आवडायचा म्हणण्यापेक्षा तो तिला गोंधळात टाकायचा. एका पटावर हवेलीचं अंगण, एकावर भाताच्या वड्या उकडणाऱ्या बायका, एकावर कुस्ती, एकावर नदीतली होडी, असं काहीबाही त्यावर होतं. योम सरांनी लिहिलेली पाटी सांगायची, ‘गावजीवनातील आठ दृश्ये. प्रत्येक पट स्वतंत्र. चित्रकार अज्ञात.’

मागे कोणीतरी जांभई दिली. मग हानबी नावाची मुलगी बोलली. तिचे केस बारीक कापलेले, जीभ तिखट, आणि वर्गातली निम्मी मुलं तिला टरकून असत.

“मॅडम, ही कुस्ती कोणीच बघत नाहीये.”

दासोमने तिला कशावरून म्हणून विचारलं. हानबी गुडघ्यांवर पुढे सरकली. रिंगणात दोन पैलवान एकमेकांच्या कंबरेला भिडलेत, भोवती पंधरा-वीस माणसं बसलीत, आणि त्यातला एकही माणूस पैलवानांकडे पाहत नाही. सगळ्यांच्या माना वर. एकाच्या तोंडातली चिलीम गळून पडलीय. खुद्द एक पैलवानसुद्धा प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून आभाळाकडे डोळे लावून आहे.

“म्हणून हरतोय तो,” कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

पण हशा संपायच्या आत दुसऱ्याला वड्यांच्या दुकानात तेच दिसलं. बाई कढईवरचं झाकण हातात धरून वर बघतेय आणि वाफ तिच्या तोंडावर येतेय. तिसऱ्याला होडीत दिसलं. नावाड्याचा बांबू हवेतच राहिलाय, उतारू वर बघतायत. नदीवर कपडे बडवणाऱ्या बायकांचे हात वरच्या वर थांबलेत. लोहाराचा घण खाली आलेलाच नाही. डुलकी काढणारे जागे झाले आणि गाद्या सोडून पडद्यापुढच्या दोरीपर्यंत आले. आग लागली असेल, कोणी म्हणालं. राजा येत असेल. राजा आभाळातून येतो का, हानबीने विचारलं. पाऊस येत असेल. मग छत्री का कोणाकडे नाही?

दासोमही गादी सोडून पुढे आली. इतकी वर्षं ती या पडद्यासमोर बसत होती. वर पाहणारी माणसं तिला दिसली नव्हती असं नाही, पण एकेका पटावर एखाददुसरी, सुटी सुटी. सगळी एकाच वेळी वर पाहतायत हे आज या पोरांनी तिच्या पुढ्यात मांडलं होतं. आणि ती काय पाहतायत हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. एरवी तिला उत्तर माहीत असायचं आणि ती ते दाबून ठेवायची. आज दाबायला काही नव्हतंच.

मग ओक दोक्हो बोलला. तो लष्करातली सक्तीची नोकरी करून परत आलेला, इतरांहून वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचे आणि त्याच्याशी जरा जपून थट्टा करायचे. तो मघापासून पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता.

“हा माणूस मला सगळीकडे दिसतोय,” तो म्हणाला. “लांब काठीवाला. गुडघ्याला ठिगळ आहे बघा.”

“दादा, या चित्रात सगळ्यांची तोंडं सारखीच आहेत,” एकाने म्हटलं.

“तोंड नको बघू. ठिगळ बघ.”

ठिगळ खरंच होतं. हवेलीच्या अंगणात होतं, वड्यांच्या दुकानामागे होतं, होडीत होतं. फक्त कुठे त्या माणसाच्या डोक्यावर बांबूची टोपी होती, कुठे नव्हती, आणि पुढच्या पटावर पुन्हा होती. पोरांनी कल्ला केला. योम सर म्हणायचे ती मंडई भरली ती हीच. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. पुढचा तास उष्णतेच्या शास्त्राचा होता आणि तिथले प्राध्यापक उशिरा येणाऱ्याला दारातूनच परत पाठवत. शेवटी दासोमनेच त्यांना हाकललं. जाताना हानबी उलटी चालत गेली, डोळे पडद्यावर ठेवून, आणि दाराच्या चौकटीला आपटली.

दासोम तडक योम सरांच्या खोलीत गेली. वाटेत तिने ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं, पण दारातून आत पाऊल टाकल्यावर तिचं बोलणं धबाधबा सुरू झालं. सर ऐकून घेत होते. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी जे सांगितलं ते पोकळ नव्हतं, म्हणूनच तिला जास्त लागलं. त्या काळचे चित्रकार नमुने गिरवायचे, ते म्हणाले. एक काठीवाला एकदा जमला की तोच दहा ठिकाणी वापरायचे. वर पाहणारा माणूसही तसाच, ठरलेला. टोपी आहे-नाही यावरून गोष्ट रचायची तर कोणत्याही चित्राची रचता येईल.

“मुलांना गोष्टी जोडायला आवडतात, प्यो मॅडम. मलाही आवडायच्या. पुरावा असेल तर आणा.”

“शुक्रवारपर्यंत?”

“शुक्रवारी पडदा उतरणार. ते माझ्या हातात नाही.”

पण निघताना त्यांनी आठही पटांचे मोठे फोटो तिच्या संगणकावर पाठवायचं कबूल केलं. पडद्याला मात्र कोणी बोट लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हानबी आणि दोक्हो स्थापत्य विभागातून कागदाच्या लांब गुंडाळ्या घेऊन आले. तिथे नकाशे छापायचं मोठं यंत्र होतं आणि ते चालवणारा मुलगा दोक्होच्याच पलटणीत होता. फोटो खऱ्या मापात छापले होते. फक्त प्रत्येक पटाचा तळाकडचा हातभर भाग त्यांनी वगळला होता, कारण तिथे रिकामी जमीन आणि जुना तपकिरी डाग याखेरीज काही नव्हतं. उगाच शाई कशाला घालवा. त्यांच्या मागोमाग एकेक करत जवळजवळ सगळा वर्ग आला. हजेरी नव्हती, तास नव्हता. कोणीतरी पिशवीभर भाताच्या गुंडाळ्या आणल्या होत्या, त्या दासोमने बाहेरच्या पायरीवरच खायला लावल्या.

प्रवेशदालनातल्या फरशीवर बूट काढून काम सुरू झालं. काठीवाल्याकडे कुठे काय आहे ते बघायचं आणि जे एकदा गेलं ते पुन्हा यायला नको, अशा क्रमाने पट लावायचे, ही दोक्होची कल्पना. यंत्र बिघडलं की कोणता भाग आधी गेला ते असंच शोधतात, तो म्हणाला. जुने पडदे उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून उजवीकडून सुरुवात केली. हवेलीच्या अंगणात त्याच्याकडे सगळं होतं. टोपी, दोन्ही चपला, काठी आणि दुसऱ्या हातात मांसाचा एक तुकडा. वड्यांच्या दुकानातही होतं. कुस्तीत तो रिंगणातून धावत होता आणि मांसाचा तुकडा एका कुत्र्याच्या तोंडात होता. मुलं अक्षरशः किंचाळली. होडीत त्याची टोपी पाण्यात पडत होती. धुणाऱ्या बायकांच्या पटावर त्याचा एक पाय अनवाणी, आणि पेंढ्याची चप्पल एका बाईच्या टोपलीत.

पुढे दोन पटांवर गाडं अडलं. लोहाराची भट्टी आधी की मुखवट्यांचा नाच आधी? हानबीचं म्हणणं, नाचात त्याची काठी मोडलेली आहे आणि भट्टीपाशी अखंड आहे, म्हणजे भट्टी आधी. दोक्होचं म्हणणं, काठी मोडलेली नाही, तिचं टोक ढोलाच्या मागे लपलंय. नाच नदीच्या वाळूत चाललाय, म्हणजे तो धुण्याच्या घाटाला लागून हवा. भट्टी गावाच्या टोकाला असते.

“दादा, तुला ढोलाच्या आरपार दिसतं का?”

“तुला मोडलेलं दिसतं का? कड तर दाखव.”

“दाखवते ना. ही काय.”

“ती घडी आहे कागदाची.”

बहुतेक मुलं दादाच्या बाजूने गेली. ती हानबीच्या मते दादा म्हणून गेली, काठी म्हणून नाही. हानबी धुसफुसत राहिली, पण पट दोक्होच्या क्रमाने लागले. आता एकच उरला होता. खऱ्या पडद्यावर तो उजवीकडून दुसरा होता, आणि पाटीवर त्याला ‘शिकारी’ म्हटलं होतं. पाइनच्या झाडाखाली ससाणा हातावर घेतलेला एक गुबगुबीत माणूस, आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकणारा दुसरा कोणी. त्या दुसऱ्याकडे टोपी नव्हती, काठी नव्हती, एकच चप्पल होती. गुडघ्याला ठिगळ होतं.

तो कागद त्यांनी डावीकडे शेवटी ठेवला. मग हानबी भांडण विसरून हळूच म्हणाली, “ससाणा. ती सगळी ससाणा बघतायत. मालकाचा ससाणा उडाला आणि हा बिचारा गावभर त्याच्यामागे पळतोय.”

दासोम पुन्हा उजव्या टोकाला गेली आणि एकेक पट बघत आली. आठ दृश्यं नव्हतीच ती. एकच गोष्ट होती, आणि चित्रकाराने पाखरू शेवटपर्यंत दाखवलं नव्हतं. लोकांच्या मानांवरून ते आपल्याला उडताना दिसावं म्हणून. मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती, एकजण तर फरशीवर आडवा होऊन पाय झाडत होता.

पण तिला योम सरांचा चेहरा दिसत होता. ते म्हणतील, सुंदर गोष्ट आहे, तुम्ही रचलीत. पुरावा कुठाय? गोष्टीला गोष्टीच्याच आधाराने खरं ठरवता येत नाही. बाहेरचा साक्षीदार पाहिजे. ती पटांवरून नजर फिरवत राहिली आणि नजर कापलेल्या कडेशी येऊन थांबली. तळाचा भाग. डाग. बालवाडीची पोरं पडद्यापुढे बसली की त्यांचे डोळे बरोबर त्या डागाच्या उंचीवर यायचे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विचारायचं, “बाई, इथे डोंगर का काढलेत?” ते डोंगर नाहीत, पाणी लागलंय, जुनं आहे, असं सांगून ती पुढे जायची. डोंगर. एका पटावर डावीकडे चढणारा, एकावर उजवीकडे.

तिने दोक्होला बाजूला घेऊन विचारलं की घडी केलेला पडदा तिरका टेकवून ठेवला आणि खाली पाणी शिरलं तर डाग कसा पडेल. दोक्होने खिशातला कागद काढला, पंख्यासारखा दुमडला, बाहेरच्या पायरीवर कोणाचा तरी चहा उरला होता त्यात एक कोपरा बुडवला आणि उलगडला. चहाचा डाग चढत, उतरत, पुन्हा चढत गेला होता, आणि चहात आधी शिरलेल्या टोकाशी मोठा, दुसऱ्या टोकाकडे लहान होत गेला होता. डोंगरांची रांगच. म्हणजे पट मूळ क्रमात लागले तर डागही या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जुळायला हवा.

“मॅडम, तळाच्या पट्ट्या आत्ता छापून आणतो.”

“आण. पण उलट्या आण, छापलेली बाजू आत. आपण कोणी बघायच्या नाहीत.”

मुलांना हे पटेना. आधी आपण लावून बघू, जुळल्या तर सरांना बोलावू, नाहीतर गुपचूप आवरून टाकू, असं सगळ्यांचं मत पडलं. दासोमलाही तो मोह होताच. चुकलं तर पुढची कित्येक वर्षं बैठकीत तिला तोंड वर करता आलं नसतं. पण तिने डोकं हलवलं. आपण बघून लावल्या तर सर म्हणतील, सोयीने लावल्या. त्यांच्याच हाताने लागू देत.

गुरुवारी सकाळी योम सर आले. बूट काढले, मोज्यांवर उभे राहून त्यांनी फरशीवरचा क्रम उजवीकडून डावीकडे पाहिला. चेहऱ्यावर काही नाही. दासोमने काय करायचं ते सांगितलं. पट्ट्यांच्या पाठीवर फक्त पटाचा क्रमांक होता. सरांनी गठ्ठा हातात घेतला, पँट गुडघ्यांवर वर ओढली आणि ते खाली बसले. मुलांनी भिंतीला पाठी लावल्या.

पहिली पट्टी त्यांनी हवेलीच्या अंगणाखाली उलटी केली. डाग डावीकडे चढत गेला होता, चांगला उंच. दुसरी. तिथे तो बरोबर त्याच उंचीवर सुरू होऊन उतरत गेला. तिसरी, चौथी. चढ, उतार. प्रत्येक शिखर आधीच्याहून जरा ठेंगणं, आणि जोडावर रेघ रेघेला चिकटलेली. सरांनी पाचवी पट्टी सरकवली. ती बसली. दासोमने तोंडावर हात घेतला.

सहावी बसली नाही.

डाग उलट्याच दिशेने झुकलेला होता. सर थांबले. त्यांनी सातवी लावली, तीही उलटी. आठवी मात्र शेवटी लहानशा टेकडीसारखी, जशी हवी तशी. भिंतीपाशी कुजबुज सुरू झाली. आणि त्या कुजबुजीतून हानबीचा आवाज आला, अगदी शांत, जरासा गोड.

“सर, भट्टी आणि नाच यांची अदलाबदल करून बघता का? मी काल सांगत होते, पण माझं इथे कोणी ऐकत नाही.”

सरांनी दोन्ही पट पट्ट्यांसकट उचलून अदलाबदल केली. डोंगरांची रांग हवेलीपासून पाइनपर्यंत एकसंध झाली.

दोक्होने कपाळावर हात मारला. मुलं मात्र सरांकडे पाहत होती. योम सर उकिडवे बसून त्या रांगेवरून बोट फिरवत होते, उजवीकडून डावीकडे, मग पुन्हा. मग ते बोलले.

“सगळ्या जुळल्या असत्या तर मी म्हटलं असतं, या पोरांनी आधी बघून घेतलंय. ही चूक फार चांगली झाली.”

मग ते एकदम उठले आणि मोज्यांवरच खऱ्या पडद्याकडे निघाले. चालता चालता त्यांची बोलण्याची गाडी सुरू झाली. पडदा संग्रहालयात येण्याआधीच कोणीतरी नव्या चौकटीत बसवला होता, हे त्यांना ठाऊक होतं. पुरात भिजून पट सुटे झाले असणार, आणि बसवणाऱ्याने कुस्ती देखणी म्हणून मध्यभागी घेतली असणार. मी चौकटीची लाकडं तपासली, ते म्हणत होते, कागद तपासला, रंग तपासले, आणि माणसं कुठे बघतात ते नाही तपासलं. हे ते खंतावून म्हणत नव्हते. एखाद्याला वाटेत नाणं सापडावं तसा त्यांचा आवाज होता.

पडद्यापाशी त्यांनी खिशातला छोटा दिवा काढला आणि हवेलीच्या अंगणावर धरला. मालकाचा पुढे केलेला हात त्यांनी पाटीवर ‘पाहुण्याचं स्वागत’ म्हणून नोंदवला होता. आता त्यांनी दासोमला जवळ बोलावलं. ती जाडजूड बाही नाही, ते म्हणाले, तो चामड्याचा हातमोजा आहे. ससाणा बसतो तो. आत्ताच उडालाय, हात अजून तसाच आहे. मग ते पाइनच्या पटाकडे गेले आणि इतका वेळ वाकून राहिले की मुलं चुळबुळ करायला लागली.

“पाळीव ससाण्याच्या शेपटीला काय असतं?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

हे त्या देशात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, ससाणा आयुष्यात पाहिला नसला तरी. मालकाच्या नावाची शिंगाची चकती. ती काढून टाकली की पाखरू कोणाचं ते कळत नाही, आणि म्हणूनच चोरी करून वर साळसूद चेहरा करणाऱ्याला तिथे ‘चकती काढून बसलाय’ म्हणतात. घरोघरी दिवसातून दहादा ऐकू येणारं बोलणं.

“मग या ससाण्याची चकती कुठाय?”

सगळ्या माना एकदम पुढे आल्या. शेपटी मोकळी होती. दिव्याचा उजेड हळूहळू त्या परक्या गुबगुबीत माणसाच्या दुसऱ्या हातावर सरकला. तो हात पाठीमागे होता, मूठ आवळलेली, आणि बोटांच्या फटीतून पांढरा एक कण डोकावत होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचा चेहरा मात्र असा की कोणाच्या अध्यात नाही न् मध्यात नाही.

आधी हसले ते योम सरच. त्यांना असं हसताना दासोमने कधी पाहिलं नव्हतं, खांदे हलत होते आणि चष्मा नाकावरून घसरत होता. मग सगळं दालन हसलं. दोनशे वर्षांपूर्वी कोणा चित्रकाराने आठ पट भरून एक विनोद सांगितला होता. त्याची शेवटची ओळच मधे कुठेतरी जाऊन बसली होती, आणि इतकी वर्षं लोक गंभीर चेहऱ्याने त्या विनोदाची पाटी वाचत होते. आवाज ऐकून पहारेकरी धावत आला. त्यालाही ओढून पडद्यापुढे उभं केलं आणि सगळे एकाच वेळी गोष्ट सांगायला लागले. त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

सरांनी तिथूनच संचालकांना फोन लावला. शुक्रवारी पडदा उतरला खरा, पण कोठीत गेला नाही. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत गेला. तिथे पट सोडवताना मागच्या कागदावर जुन्या बिजागऱ्यांच्या खुणा सापडल्या आणि त्यांनीही तोच क्रम सांगितला. सरांनी त्यावर लेख लिहिला. लेखकांच्या नावांत दासोमचं नाव आपल्या बरोबरीने घातलं आणि खाली आख्ख्या वर्गाची नावं छापली. त्यावर संपादकाने हरकत घेतली, तर सर त्याच्याशी फोनवर इतके भांडले की शेजारच्या खोलीतल्या दासोमला दार लावून घ्यावं लागलं. दोक्हो महिनाभर हानबीसाठी जेवणाच्या खोलीत रांगेत उभा राहत होता. त्याने पैज लावली होती की नव्हती यावर दोघांचं एकमत झालं नाही. दासोमने आईला फोन करून सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग आता तिकिटं कोण फाडणार. दासोम इतकी खुशीत होती की तिने सांगितलं, दुसरा माणूस ठेवलाय.

वसंतात पडदा परत आला. लोकांसाठी दालन उघडण्याच्या आदल्या दिवशी योम सर आणि दासोम यांनी तो दोघांनीच उलगडला, पांढरे हातमोजे घालून, उजवीकडून एकेक पट. हवेली, वड्या, कुस्ती, होडी. धावणारा माणूस एकेक वस्तू हरवत पुढे चालला होता. शेवटचा पट उभा राहिल्यावर दोघंही मागे सरकून बराच वेळ बघत राहिली.

मग सरांनी विचारलं की पुढच्या सत्रात मुलांना कोणतं चित्र दाखवणार. दासोम म्हणाली, जे दालनात लागेल ते. शिक्षण विभागाला दुसरं काही मिळतच नसे.

सरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. “कोठीत चला. अजून पुष्कळ आहे, जे मला नीट उमगलेलं नाही. तुम्ही निवडा.”

ती त्यांच्यामागून जिना उतरली. लोखंडी दार उघडलं, आत थंड, कोरडी हवा होती आणि कापडात गुंडाळलेल्या चित्रांच्या रांगा छतापर्यंत गेल्या होत्या. कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना. तिने बाह्या सावरल्या आणि सगळ्यात जवळच्या गुंडाळीची गाठ सोडायला घेतली.